मामाजींच्या वॉकरचे बूट

फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या खालच्या खणात बुचं शोधत होते. अकरावीच्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं, दोन चंबूंची रबरी बुचं कडक होऊन तडकली होती आणि नवी मीच कुठेतरी जपून ठेवली होती... जपून ठेवलेली वस्तू वेळेवर सापडायची नाही, हा माझा घरचा आणि नोकरीतला, दोन्हीकडचा नियम. फोन शेजारच्या कुंदाताईंचा. एरवी त्या आधी 'जेवल्या का' विचारतात, त्या दिवशी विचारलं नाही. "वहिनी, या बरं लवकर. बाबा खुर्चीतच हायेत, आवाज देऊन राहिली तं उठून नाई राहिले." माझ्या हाताला बुचांऐवजी एक प्लास्टिकची पुडी लागली होती. ती तशीच खणात टाकली, खण पायानं लोटला आणि स्कूटी काढली. कॉलेजपासून मुर्रीतल्या आमच्या घरापर्यंत वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत माझ्या डोळ्यांपुढे मामाजींचा चेहरा नव्हता, ती पुडी होती.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझे सासरे, सगळ्या मुर्रीचे डोमाजी मिस्त्री, त्या दिवशी दुपारी हॉलमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हात मांडीवर, चष्मा डोळ्यांवर, वॉकर शेजारी उभा. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं असावं, त्रास झाला नसेल. मग माणसं जमली. भिलाईहून माझा नवरा प्रमोद आला. नागपूरच्या वसतिगृहातून मुलगी आली. तेरवीपर्यंत घर भरलेलं होतं आणि त्या सगळ्या दिवसांत जो येईल तो माझ्याकडे पाहून एकच गोष्ट म्हणत होता. "सुनेनं लेकीच्या वर केलं." प्रमोदची मावशी तर माझा हात हातात घेऊन चार बायकांसमोर म्हणाली, "अशी सून भेटाले नशीब लागते, माय." मी मान खाली घालून चहा ओतत होते. लोकांना वाटलं, विनय. खरं सांगायचं तर मला ते वाक्य ऐकवत नव्हतं. त्या पुडीत वॉकरच्या पायांना घालायचे चार नवे रबरी बूट होते. सव्वा वर्षापूर्वी मामाजींनी आणायला सांगितलेले. मी ते त्याच दिवशी आणले होते आणि त्यांना कधीच दिले नव्हते. ते बाहेर पडू नयेत म्हणून.

हे कुणाला सांगावं कळेना, म्हणून लिहायला बसले आहे.

मामाजींनी सारी उमर एका राईस मिलमध्ये फिटर म्हणून काढली. गोंदियाच्या आसपास मिलला तोटा नाही आणि मिल म्हटलं की रबर आलंच, हे मला लग्न होऊन इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं. माझं माहेर सालेकशाचं. धान खाल्लेलं, धान रोवलेलं, पण धानाचं टरफल निघतं कसं याचा कधी विचार केला नव्हता. मामाजींनी मला मिलमध्ये नेऊन दाखवलं होतं. नव्या सुनेला देवळात नेतात, मला आधी मिलमध्ये नेलं! यंत्रात दोन रोल असतात, लोखंडी पोकळ ड्रमवर बोटभर जाड रबर चढवलेले. दोघं समोरासमोर, उलट्या दिशांनी फिरतात, एक जोरात आणि एक हळू. त्यांच्यामधल्या फटीतून धान गेलं की टरफल सुटतं. फट आवळली तर तांदळाची कणी होते, सैल सोडली तर धान तसंच बाहेर पडतं. हे रबर पांढुरकं असतं, कारण काळ्याचा डाग तांदळाला लागतो. मामाजी यंत्राजवळ जाऊन फट पाहत नसत. ते दाराशी उभे राहून ऐकत. "रोल घासून राह्यले," एवढंच म्हणत आणि पाना घेऊन निघत. शेठ दुसऱ्या फिटरांना बोलवायचा, पण शेवटी म्हणायचाच, "डोमाजी, जरा कान लगाओ तो." त्या कानापायी त्यांना कधी धड सुट्टी मिळाली नाही. स्वतःच्या मेहुण्याच्या लग्नात ते अक्षता टाकून मिलवर परतले होते, असं सासूबाई मरेपर्यंत ऐकवायच्या.

त्या जोरात फिरणाऱ्या आणि हळू फिरणाऱ्या रोलांची एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती ती इथं लिहिते, कारण ती पुढे लागणार आहे. जोरात फिरणारा आधी झिजतो. म्हणून काही दिवसांनी दोघांची जागा बदलावी लागते. याला तिकडे, त्याला इकडे. तसं केलं की दोघं सारखे झिजतात आणि जोडी जास्त दिवस टिकते. आळशी फिटर अदलाबदल करत नाही, एकाला झिजवून फेकतो आणि दुसरा बसून राहतो. "रबर लबाडी करत नाई, बाई," ते म्हणत. ते मला नावानं कधी हाक मारत नसत, बाईच म्हणत. "कुठं घासलं, किती घासलं, सारं त्याच्या आंगावर लिवलं राह्यते. वाचता आलं पाह्यजे."

मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, नुसती काचेची भांडी विसळत नाही, याचा मला त्या वयात फार तोरा होता. एकदा त्यांना ऐकवलं, की तुमच्या रोलचं रबर काही झाडाच्या चिकाचं नसतं, ते कारखान्यात खनिज तेलापासून तयार करतात. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तेलातून जन्मलं, अन् कोन्या कोन्या रबराले तेल लागलं का फुगते. असं काऊन?" मी म्हटलं, प्रकार वेगळे असतात, काही तेलाला टिकतं, काही नाही. "म्हंजे आपल्या पमोदसारखं," ते म्हणाले. "घरातूनच निंघालं अन् घरचं काई सांगतलं का फुगते." मी तोंडाला पदर लावून हसले. दुसऱ्या दिवशी पाहते तर माझ्या कढीच्या दोन वाट्यांत मशीनचं तेल आणि त्यात रबराचे तुकडे. कुकरची जुनी रिंग, माझ्याच प्रयोगशाळेतून आलेली एक तुटकी नळी, चपलेचा बंद. तीन दिवस त्या वाट्यांना हात लावायची परवानगी नव्हती. चौथ्या दिवशी कुठला तुकडा फुगला आणि कुठला नाही, हे त्यांनी मला बोलावून दाखवलं. वाट्यांचा वास मात्र गेला तो गेलाच नाही.

त्यानंतर आमची एक सवय पडली. घरात काही गळायला, सैल व्हायला किंवा वाजायला लागलं की मामाजी आधी म्हणायचे, "रबर पाह्य." आणि निम्म्या वेळा तेच असायचं. नळाचा वायसर, मिक्सरच्या भांड्याखालची टोपी, फ्रीजच्या दाराची पट्टी, गॅसची नळी, पंपाचा पट्टा. "सारं घर रबरावर उभं हाये, बाई. दिसत नाई इतलंच." आता कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही की माझे हात आधी रिंगकडे जातात. शिकवल्यासारखं त्यांनी कधी काही शिकवलं नाही, पण मी शिकले.

मिलमधून ते मोकळे झाले तेव्हा शेठनं शाल आणि नारळ दिला. मामाजींनी तेवढ्यावर न थांबता एक झिजलेला रोल मागून घेतला आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणला. सासूबाई म्हणाल्या, "हे कायले आनलं? सोनं होय का?" त्यांनी तो हॉलच्या दाराशी, भिंतीला लागून उभा केला. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. तेव्हापासून तो तिथंच. मामाजींची खुर्ची त्याच्या शेजारी. त्यांचा दुपट्टा घडी करून त्याच्या डोक्यावर. सासूबाई गेल्या, मुलगी नागपूरला गेली, प्रमोदला भिलाईची नोकरी लागून तो पंधरा दिवसांतून एकदा घरी यायला लागला आणि त्या घरात मी, मामाजी आणि तो रोल असे तिघं उरलो.

निवृत्त झाल्यावरही ते रोज दुपारी मिलवर जात. तिथं कुणी पगार देत नव्हतं, बोलावतही नव्हतं. नुसतं दाराशी उभं राहायचं, ऐकायचं, पोरांना दोन शब्द सांगायचे, परत यायचं. मग बाथरूममध्ये पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर आला. मला वाटलं, आता बसतील घरात. महिन्याभरात वॉकर टेकत टेकत पुन्हा मिलवर जायला लागले. पाच मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागायचा. वॉकरचे बूट त्या खडबडीत रस्त्यावर झिजून झिजून तळाशी भोकं पडली आणि आतला ॲल्युमिनियमचा पाइप डोकावायला लागला. त्यातच एके दिवशी धानाचा ट्रॅक्टर वळणावर आला, मामाजींना बाजूला व्हायला जमेना आणि ट्रॉलीचा कोपरा वॉकरला लागला. त्यांना इजा काही झाली नाही. दोघातिघांनी धरून घरी आणलं. पण बातमी माझ्याआधी भिलाईला पोचली. प्रमोद फोनवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "काही झालं तर मला यायला चार तास लागतात. तू तिथं आहेस. आता जबाबदारी तुझी."

तेवढंच वाक्य. त्या वाक्यानं मला जखडून टाकलं. दहा ते पाच मी कॉलेजात. नोकरी सोडावी तर मुलीची फी. बाई ठेवावी तर दोन ठेवल्या, मामाजींनी दोघींनाही गोड बोलून परत पाठवलं. रोज प्रात्यक्षिकाच्या वेळी फोन वाजला की हातातलं टाकून आधी नंबर पाहायचे. अशा त्या आठवड्यात त्यांनी एक भोक पडलेला बूट काढून माझ्या हातात दिला. "बाई, हा नमुना घेऊन जाय. चार आनजो. याच्याबिगर वॉकर धरत नाई." मी संध्याकाळी बाजारात गेले. दुकानदारानं नमुना न पाहताच चार बूट काउंटरवर ठेवले, इतकं ते साधं माप. मी ते पिशवीत घातले आणि घराकडे निघाले. वाटेत, रेल्वेच्या फाटकावर गाडी जायची वाट बघत थांबले असताना, माझ्या मनात तो विचार आला. बूट नसले तर ते बाहेर जाऊ शकणार नाहीत. एवढा सोपा होता तो. गाडी गेली, फाटक उघडलं आणि मी घरी जाऊन म्हणाले, "मामाजी, साइज मिळाली नाही. मागवतो म्हणाला."

दुसऱ्या दिवशी पुडी कॉलेजच्या खणात गेली. उरलेले तीन फाटके बूटही मी काढून टाकले, म्हटलं अर्धवट रबरात पाय अडकेल. आणि कुत्री आत येतात म्हणून कॉलेजला जाताना अंगणाच्या फाटकाला कुलूप घालायला लागले. एक किल्ली माझ्याकडे, एक कुंदाताईंकडे. तिसरी मी हॉलमधल्या खिळ्याला अडकवली आणि मामाजींना म्हटलं, "आग लागली, काही अडचण आली तरच." फाटकाच्या जाळीतून हात घालून कुलूप आतूनही उघडता येतं. ती किल्ली ठेवली म्हणजे मी त्यांना कोंडलेलं नाही, अशी मी माझी समजूत घातली. माणूस स्वतःशी किती कायद्यानं वागतो...

उघड्या पाइपांचा वॉकर फरशीवर घसरतो आणि किर्र वाजतो. अंगणातल्या मुरुमात तर तो रुतूनच बसतो. मामाजी पलंगापासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून बाथरूमपर्यंत, एवढेच उरले. घसरू नयेत म्हणून मी वाटेवर जुन्या सतरंज्या अंथरल्या. पडू नयेत म्हणून बूट दिले नाहीत आणि बूट नाहीत म्हणून पडायची भीती, असं माझं ते शहाणपण. रात्री स्वयंपाकघरात असले तरी ती किर्र मला ऐकू यायची आणि दातांखाली खडा आल्यासारखं व्हायचं. उद्या देऊन टाकू, असं मी कितीदा ठरवलं त्याला गणती नाही. सकाळी कुलूप लावताना मात्र वाटायचं, आजच्या दिवस राहू दे.

पहिले काही दिवस त्यांनी विचारलं. "आले काय बूट?" मी म्हणायचे, नाही अजून. मग एकदा हसून म्हणाले, "गोंदियात रबराची तंगी पडली काय, बाई?" माझी तव्यावरची भाकर करपली. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "भेटन तवा आनजो. घाई नाई." त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मला भीती होती ती प्रमोदची. पंधरा दिवसांनी तो यायचा, बापलेक बोलत बसायचे, आता सांगतील, मग सांगतील म्हणून मी दाराआड कान लावून असायचे. किर्र ऐकूनही प्रमोदनं वॉकरच्या पायांकडे कधी पाहिलं नव्हतं, पण कळलं असतं तर त्यानं सरळ दुकानात जाऊन चार बूट आणले असते आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. मामाजींनी त्याच्याजवळ बुटाचा 'ब' काढला नाही. उलट एकदा माझ्यादेखत त्याला म्हणाले, "पमोद, रोलची अदलाबदल करा लागते गा. एकच रोल जोरानं फिरून राह्यला या घरात. झिजून जाईन तो." प्रमोदला काही कळलं नाही. तो मोबाइलमध्ये होता. मला कळलं, आणि मी आत जाऊन रडले. ज्याला मी घरात अडकवलं होतं, तोच माझी कीव करत होता.

त्या पावसाळ्यानंतर, नवीन धान निघालं तेव्हापासून, एक नवंच सुरू झालं. संध्याकाळी मी आले की मामाजी सांगायचे, "आज मिलवाल्यानं रोल बदलवले." कधी म्हणायचे, "चार दिस झाले, घासून राह्यले, कोनाचं ध्यान नाई." कधी, "आज मिल बंदच." मी विचारायचे, कोण आलं होतं? कुणी नाही. फोन आला होता? नाही. आमच्या हॉलमध्ये मिलचा आवाज येत नाही. मध्ये कुंदाताईंचं दोन मजली घर आहे, शिवाय पंखा, टीव्ही. आणि मी घरी असते तेव्हा, संध्याकाळी आणि रविवारी, मिल बंदच असते. मी मनाशी समजले ते समजले. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, या वयात एकट्या माणसाला असे भास होतात. प्रमोदला फोनवर सांगितलं, "बाबांना मिलचे आवाज ऐकू यायला लागलेत." तो घाबरला. म्हणाला, "मग तर बाहेर सोडूच नको." आणि खरं सांगते, ते ऐकून मला हायसं वाटलं. खणातल्या पुडीला कारण मिळालं. त्यानंतर ते मिलचं काही बोलायला लागले की मी लहान मुलाला म्हणावं तसं म्हणायचे, "हो का मामाजी? बरं बरं." एकदोनदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सांगणं कमी केलं.

शेवटच्या सकाळी मी घाईत होते. डबा भरला, गोळ्या दिल्या, कुलूप शोधत होते. ते खुर्चीत बसून दुपट्ट्यानं चष्मा पुसत होते. "बाई, तुह्या गाडीचा मागचा टायर उजवीकडून जास्ती घासला. हवा पाह्यजो." मी म्हटलं, "पाहते." आणि फाटक लावून निघाले. हे आमचं शेवटचं बोलणं.

हे सगळं इथंच संपलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. अपराध मनात ठेवून माणसं जगतात, मीही जगले असते. पण गेल्या मंगळवारी मामाजींच्या कागदपत्रांसाठी रजा घेतली होती. बारापर्यंत काम आटोपलं. कामाच्या दिवशी दुपारी मी त्या घरात एकटी असण्याची ही कितीतरी दिवसांतली पहिली वेळ. ऊन तापलेलं, वारा सुटलेला, दार रोलवर सारखं आदळत होतं. सव्वा महिना त्या रोलला कुणी हात लावला नव्हता, वर त्यांचा दुपट्टा तसाच घडी केलेला. मी दुपट्टा उचलला आणि रोल जरा पुढे ओढला. आत काहीतरी खडखडलं. तो पोकळ असतो हे मी विसरलेच होते. आडवा केला तर आतून फरशीवर चार वस्तू पडल्या. एक पातं, पंक्चरच्या सोल्यूशनची वाळलेली नळीसुद्धा पडली, पण मी पाहत होते त्या चार वस्तूंकडे.

पांढुरक्या रबराच्या चार गोल चकत्या. प्रत्येकीवर सायकलच्या ट्यूबचा वीतभरही नाही असा तुकडा मोज्यासारखा चिकटवलेला, पाइपवर ओढून चढवता येईल असा. मी रोल फिरवला. भिंतीकडच्या बाजूचं रबर कापून काढलेलं होतं, लोखंड उघडं पडलं होतं. मागच्या पडवीत त्यांची सायकल उभी आहे, तिचं पुढचं चाक कित्येक महिने बसलेलं मी पाहत होते, म्हणत होते, हवा गेली असेल. मी तिथंच फरशीवर बसले. एक चकती उलटी केली, मग दुसरी. आतल्या अंगाला बॉलपेननं आकडे होते, एक ते चार. प्रत्येक आकड्यापुढे बाण, आणि बाणापुढे दुसरा आकडा. डाव्याचं उजवीकडे, पुढच्याचं मागे. त्यांचा ऑपरेशनचा पाय उजवा, भार सगळा डाव्या अंगावर यायचा, डावीकडचे बूट आधी झिजले असणार. त्यांनी अदलाबदल केली होती. म्हणून चारही सारखे झिजलेले होते, आणि ती झीज एखाद्या आठवड्याची नव्हती.

रबर लबाडी करत नाही. त्यांनी शिकवलं तसं मी वाचलं. चकत्यांच्या तळव्यात लाल मुरुमाचे बारीक खडे रुतले होते, सगळा तळ लालसर झाला होता. म्हणजे ते अंगणात जात होते. मी गेले की रोज. फाटकाबाहेर डांबरी रस्ता आहे, उन्हाळ्यात त्याचं डांबर चपलेला लागतं. त्या पांढुरक्या रबरावर डांबराचा एक ठिपका नव्हता. किल्ली खिळ्याला होती, हाताशी. चालायला बूट होते, स्वतःच्या हातानं केलेले. आणि तो माणूस फाटकापर्यंत जाऊन परत येत होता, मी यायच्या आत बूट काढून रोलमध्ये टाकत होता, वर दुपट्टा ठेवत होता आणि माझ्यासमोर ती किर्र वाजवत बाथरूमला जात होता. मला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून. माझा जीव टांगणीला लागू नये म्हणून. की नुसताच थकून? कुंदाताईंना विचारता येईल, त्यांनी कधीतरी पाहिलंच असेल. मी अजून विचारलेलं नाही. कितीतरी वेळ मी त्या फरशीवर बसून रडले.

मग वॉकर ओढून घेतला आणि चारही बूट चढवले. एक, दोन, तीन, चार, त्यांनी लिहिलेल्या शेवटच्या बाणाप्रमाणे. माप इतकं अचूक की वॉकर फरशीवर ढकलला तरी हलला नाही. मी त्याला धरून उभी राहिले, त्यांच्यासारखी जरा वाकून, आणि पायरी उतरून अंगणात गेले. मुरुमातून, एकेक पाऊल, आवाज न करता. फाटकाशी पोचले. दुपारचे अडीच वाजले असतील. तिथं उभी राहिले आणि ऐकू आलं.

कुंदाताईंच्या घराच्या कडेनं, रस्त्याच्या मोकळ्या पट्टीतून, मिलचा आवाज स्वच्छ येत होता. हॉलमध्ये नाही, ओट्यावर नाही, फक्त तिथं, फाटकाच्या जाळीशी. एकसारखी घरघर आणि तिच्या आत कुठंतरी एक खरखर. त्यांना भास होत नव्हते. ते रोज इथं उभे राहून ऐकत होते आणि संध्याकाळी मला सांगत होते... आणि मी म्हणत होते, हो का मामाजी, बरं बरं.

पुडी अजून खणातच आहे. फाटकाला मी आता कुलूप लावत नाही. आत राखायला कुणी नाही. त्या दिवशी मात्र बराच वेळ तिथं उभी होते. ती खरखर मध्येच वाढायची, कमी व्हायची. मला त्यातलं फारसं कळत नाही. तरी जाळीला धरून, शेजारी कुणी उभं असावं तशी, मी म्हटलं, "मामाजी, आज रोल घासून राह्यले बहुतेक." बरोबर होतं की चूक, हे सांगायला कुणी नव्हतं.